दिल्ली ते लेह : विमानाला सव्वा तास, शरीराला तीन दिवस

लडाखच्या सहलीआधी सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण सोबत टूर कंपनीचा छापील कार्यक्रम घेऊन येतात. पहाटे दिल्ली, सकाळी लेह, दुपारी शांती स्तूप आणि बाजार, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, तिसऱ्या दिवशी पँगाँग. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, बीपीची गोळी चालू आहे, विमानात काही त्रास होणार नाही ना?"

विमानात सहसा काही होत नाही. त्रास होतो तो उतरल्यावर सहा ते बारा तासांनी, हॉटेलच्या खोलीत. या प्रवासात किलोमीटर आणि तास यांच्यापेक्षा शरीराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिसरा आकडा, म्हणजे उंची. तो तिकिटावर छापलेला नसतो. म्हणून हा लेख.

अंतर किती, वेळ किती, उंची किती?

दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि लेहचा कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ यांच्यातले हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा थोडे कमीच. वेळही तसाच, सव्वा ते दीड तास. मनालीमार्गे रस्त्याने गेले तर हेच अंतर हजार किलोमीटरच्या आसपास जाते आणि वाटेत दोन-तीन मुक्काम करावे लागतात.

आता उंची पाहा. दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २३७ मीटरवर आहे, तर लेहचा ३,२५६ मीटरवर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तर जेवढी उंची होईल, जवळपास तेवढ्या उंचीवर लेहची धावपट्टी आहे. लेह गाव त्याहूनही थोडे वर, सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तुमचे हॉटेल तिथे असते.

मुंबईहून नागपूरला उतरलात तर शरीराला फारसे काही नवे नसते. लेहला उतरता तेव्हा तेवढ्याच वेळात तुम्ही ३,००० मीटरपेक्षा जास्त वर गेलेले असता.

लेहच्या हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईत २१ टक्के असते आणि लेहमध्येही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच उरतो. मुंबईत तीन श्वासांत जेवढा ऑक्सिजन मिळतो, तेवढा मिळवायला लेहमध्ये साधारण साडेचार श्वास लागतील, असे ढोबळमानाने समजा. खारदुंगला खिंडीत, सुमारे ५,३५० मीटरवर, हा दाब निम्म्याच्या जवळ येतो.

शरीराची ही चढाई विमानातच सुरू झालेली असते. विमान उंचावर असताना केबिनमधला दाब सहसा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. इतर बहुतेक ठिकाणी विमान उतरू लागले की केबिनमधला दाब वाढत जातो. लेहला उलटे होते. बाहेरची हवा केबिनपेक्षा विरळ असल्याने दार उघडण्याआधी आतला दाब कमी करून बाहेरच्या दाबाशी जुळवावा लागतो. त्यामुळे दारातून बाहेर पडताना धक्का बसल्यासारखे काही वाटत नाही. उलट कोरडी, गार हवा आणि निळे आकाश पाहून फार छान वाटते. फसगत होते ती इथेच.

शरीराला वेळ कशासाठी लागतो?

रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळचे छोटे संवेदक मेंदूला कळवतात. श्वास खोल आणि जलद होतो, नाडी वाढते. हे काही मिनिटांत होते.

पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि रक्त थोडे अल्कधर्मी होते. मग मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. ही ओढाताण मूत्रपिंडे सोडवतात. ती लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्ताचा तोल सावरतो आणि श्वास मोकळेपणी वाढू शकतो. या कामाला दोन ते तीन दिवस लागतात. लाल रक्तपेशी वाढायला तर आठवडे लागतात.

या जुळवून घेण्याला आपण सरावणे म्हणू. सरावाचा वेग माणसागणिक वेगळा असतो. तो तुमच्या इच्छाशक्तीवर, व्यायामावर किंवा वयावर ठरत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा तिशीतला मुलगा आडवा पडतो आणि त्याची साठीची आई आरामात चहा पिते, असे लेहमध्ये दिसू शकते. तंदुरुस्त तरुणांना धोका जास्त वाटण्याचे एक कारण म्हणजे ते पहिल्याच दिवशी जास्त हिंडतात.

हे ज्ञान बरेचसे आपल्याच सैनिकांच्या अनुभवातून आले आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे हजारो जवान घाईने हिमालयात न्यावे लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ आजारी जवानांच्या नोंदींवर आधारलेला लेख १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. जगभर आजही त्याचा उल्लेख होतो. हे सगळे निवडलेले, धडधाकट जवान होते.

कोणती लक्षणे साधी, कोणती धोक्याची?

विरळ हवेचा त्रास तीन प्रकारांत दिसतो.

१. विरळ हवेचा साधा आजार : डोकेदुखी हे मुख्य लक्षण. सोबत मळमळ, भूक न लागणे, थकवा, गरगरणे. दारूच्या दुसऱ्या दिवशी जसे वाटते, तसे याचे वर्णन बरेच जण करतात. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो आणि विश्रांती घेतली तर बहुधा एक-दोन दिवसांत जातो. पहिल्या रात्री झोप तुटक लागणे आणि झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होणे हे तिथे अनेकांना होते.

२. फुप्फुसात पाणी होणे : हा प्रकार सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बरेचदा रात्री दिसतो. सुरुवात साधी असते. काल जो जिना सहज चढलात, तो आज चढवत नाही. मग कोरडा खोकला, बसल्या जागी दम, ओठ-नखे निळसर, छातीत घरघर, आणि शेवटी फेसाळ किंवा गुलाबीसर कफ. डोके अजिबात न दुखताही हे होऊ शकते. विरळ हवेच्या आजारांत सर्वांत जास्त मृत्यू यानेच होतात.

३. मेंदूला सूज येणे : चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, विचित्र वागणे, खूप झोप येणे. घरच्यांना वाटते, दमला आहे, झोपू द्या. तसे करू नका. त्या व्यक्तीला टाच आणि अंगठा जोडत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. ते जमले नाही, तर धोका आहे असे समजा.

नियम एकच लक्षात ठेवा : उंचीवर गेल्यानंतर जे काही दुखेल-खुपेल, ते उंचीमुळेच आहे असे धरून चाला, जोपर्यंत दुसरे कारण सापडत नाही.

पहिले तीन दिवस कसे काढाल?

मुंबई-पुण्याहून निघालेली मंडळी बहुतेक वेळा रात्रभर जागून, दिल्लीच्या विमानतळावर खुर्चीत डुलक्या काढून, पहाटेच्या विमानाने लेहला पोहोचतात. शक्य असेल तर आदली रात्र दिल्लीत झोपून काढा. ते जमले नाही, तर पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका.

- पहिला दिवस : हॉटेलवर जा, हलके खा, पडून राहा. दिवसभर गाढ झोपण्यापेक्षा बसून, वाचत, गप्पा मारत वेळ काढलेला बरा. बॅगा उचलून जिने चढू नका. शांती स्तूपाच्या पायऱ्या उद्या-परवाही तिथेच असतील.
- दुसरा दिवस : डोके दुखत नसेल तर बाजारात सपाट रस्त्यावर सावकाश फेरी. बोलताना दम लागत असेल तर वेग जास्त आहे.
- तिसरा दिवस : गाडीने जवळपासचे मठ पाहा किंवा सिंधूच्या काठाने खाली आल्चीला जाऊन या. आल्ची लेहपेक्षा थोडे खाली, सुमारे ३,१०० मीटरवर आहे.

पाणी तहान भागेल इतके प्या. हवा कोरडी असल्याने नेहमीपेक्षा थोडे जास्त लागते. पण पाच-सहा लिटर पाणी ढोसून हा आजार टळत नाही. पहिले दोन-तीन दिवस दारू नको आणि झोपेची गोळी मनाने घेऊ नका. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो. चहा-कॉफीची सवय असेल तर ती सोडू नका. चहा अचानक बंद केल्यानेही डोके दुखते आणि मग कारण ओळखणे अवघड होते.

पुढचा कार्यक्रम कसा आखाल?

दिवसा कुठे फिरलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे जास्त महत्त्वाचे. सर्वमान्य नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा.

हा नियम लावून छापील कार्यक्रम तपासा. नुब्रा खोऱ्यातले हुंडर सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेह गावापेक्षा खाली आहे. वाटेत खारदुंगला लागते, पण तिथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबले नाही तर सरावलेल्या माणसाला सहसा चालते. पँगाँगचा तलाव मात्र सुमारे ४,२५० मीटरवर आहे. तिथे मुक्काम म्हणजे लेहपेक्षा साडेसातशे मीटर वर झोपणे. म्हणून नुब्रा आधी आणि पँगाँग शेवटी. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पँगाँगच्या तंबूत मुक्काम असेल, तर तो कार्यक्रम बदलून घ्या. बदलून देत नसतील, तर पँगाँगचा मुक्काम तरी गाळा. डोके दुखत असताना याहून वर कधीही झोपायला जाऊ नका.

गोळी घ्यावी का?

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातली डायमॉक्स, ही गोळी मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर सुरू करून देते. त्यामुळे सराव जलद होतो. ती लक्षणे झाकत नाही. थेट विमानाने लेहला जाणाऱ्या प्रौढांसाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून पोहोचल्यानंतर दोन दिवसांपर्यंत असा असतो. मुलांचा डोस वजनावर ठरतो.

बोटांना मुंग्या येणे, लघवीला जास्त जावे लागणे, सोडा किंवा शीतपेयाची चव बिघडणे हे होते. त्याने घाबरू नका. सल्फा औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार, मुतखड्याचा इतिहास किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस वाचला, असा हिशेब करू नका.

निघण्याआधी कोणी तपासून घ्यावे?

- हृदयविकार, नुकताच आलेला झटका, बसवलेला स्टेंट, हृदय दुर्बल असणे
- दम्याचा वारंवार त्रास, सीओपीडी, फुप्फुसांतला वाढलेला रक्तदाब
- सिकलसेल. विदर्भ आणि खानदेशातल्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. विरळ हवेत सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, वाहक व्यक्तीनेही विचारून जावे
- खूप कमी हिमोग्लोबिन
- गर्भवती स्त्रिया आणि अगदी लहान बाळे
- पूर्वी उंचीवर फुप्फुसात पाणी झालेले लोक. त्यांना पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त असते
- सध्या सर्दी-खोकला-ताप असलेले. तिकीट पुढे ढकलणे शहाणपणाचे

बीपी आणि मधुमेह आटोक्यात असतील तर बहुतेकांना जाता येते. पहिल्या दिवसांत बीपी थोडे वाढते. गोळ्या नेहमीच्या वेळी चालू ठेवा, मनाने वाढवू नका. इन्शुलिन थंडीत गोठले की निकामी होते, म्हणून ते आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. भूक कमी होते, त्यामुळे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

काही गैरसमज

*कापराची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो.* वाढत नाही. वासाने तरतरी आल्यासारखे वाटते, इतकेच. लहान मुलांजवळ कापूर ठेवू नका. तोंडात गेला तर विषबाधा होते.

*ऑक्सिजनचा छोटा कॅन जवळ आहे, मग काळजी नाही.* तो काही मिनिटांत संपतो. त्याने तात्पुरते बरे वाटते आणि खाली नेण्याचा निर्णय लांबतो.

*ऑक्सिमीटरवर ८८ दिसले, म्हणजे दवाखान्यात भरती.* पहिल्या दिवशी लेहमध्ये ऐंशीच्या घरातले वरचे आकडे धडधाकट माणसातही दिसतात. बोटे गार असतील तर आकडा चुकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. मात्र सोबतच्या सगळ्यांपेक्षा एकाचाच आकडा बराच खाली असेल आणि त्याला दमही लागत असेल, तर थांबू नका.

*रस्त्याने गेले की त्रास होत नाही.* श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर), कारगिल (सुमारे २,७०० मीटर) आणि मग लेह, अशा टप्प्यांनी गेलात तर सराव खरोखरच चांगला होतो. मनालीमार्गे मात्र सरचूला मुक्काम केला, तर तो ४,२०० मीटरपेक्षा उंचावर, म्हणजे लेहपेक्षाही बराच वर होतो. त्या वाटेने जायचे तर मुक्कामांच्या उंचीचा तक्ता आधी मांडून पाहा.

त्रास झालाच, तर काय करायचे?

साधी डोकेदुखी असेल तर जिथे आहात तिथेच थांबा, पॅरासिटामॉल घ्या, विश्रांती घ्या. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला, तर डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी दम लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी एक जरी दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.

या आजारांवरचा खरा उपाय म्हणजे खाली उतरणे. लेहमध्ये तेच सोपे नाही. मनालीकडे जाणारा रस्ता ५,३०० मीटरच्या तांगलांगला खिंडीतून जातो, श्रीनगरच्या रस्त्यावरही ४,००० मीटरपेक्षा उंच खिंड आहे. दुपारनंतर डोंगरातले वारे जोर धरतात, त्यामुळे प्रवासी विमाने बहुतेक सकाळच्या वेळातच ये-जा करतात. दुपारी त्रास वाढला, तर पुढचे विमान उद्याचे. खाली उतरवणारा सव्वा तासाचा रस्ता असा रात्रभर बंद असतो. म्हणून लेहमध्ये आधी ऑक्सिजन आणि रुग्णालय, मग प्रवास. नुब्रा किंवा पँगाँगला असाल तर खिंड ओलांडावी लागते, तिथे त्रास होण्याआधीच सावध राहणे हाच मार्ग.

लेहच्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांना हे आजार रोजच्या पाहण्यातले आहेत. त्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, ते सोनम नोरबू लडाखचे अभियंता होते. १९४८ मध्ये लेहची धावपट्टी त्यांनीच तयार करून घेतली आणि त्याच वर्षी २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिले डाकोटा विमान उतरवले. त्याआधी लेहला पोहोचायला चालत, घोड्यावरून कित्येक दिवस लागत. वाटेतल्या त्या दिवसांत शरीर आपोआप सरावत असे.

विमानाने ते दिवस वाचवले. त्यातले तीन लेहमध्ये शरीराला परत द्या. तिकीट काढण्याआधी कार्यक्रमात दोन रात्री वाढवता येतात का ते पाहा, आणि येत नसतील तर एखादे ठिकाण कमी करा. पँगाँग पुढच्या वर्षीही निळाच असेल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे आजार, चालू औषधे आणि प्रवासाचा कार्यक्रम घेऊन निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा.*